वाड्यातलं जुनं सामान लिलावाला द्यायला गेलो आणि असे फसलो

आजीचं वर्षश्राद्ध झालं आणि फलटण तालुक्यातला आमचा जुना वाडा उतरवायचं ठरलं, मागची भिंत पावसात बसलीच होती त्यामुळे थांबण्यात अर्थ नव्हता. सामानावरून आप्पा, काका आणि आत्या यांचं एकमत झालं की वाद नको, सगळं विकू आणि येतील ते पैसे तिघांत सारखे वाटू. ओळखीतून एकाचा नंबर मिळाला, मोठ्या हॉटेलांना जुन्या वस्तू पुरवतो, लिलाव लावून देतो, १५ टक्के कमिशन घेतो म्हणे. आमच्या भागात आता बरेच वाडे उतरतायत आणि असे लोक दारोदार फिरतायत, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

पहिल्या फेरीला आला तेव्हा देवघरासमोर हात जोडले, चहा घेतला, आणि गोठ्यातले दोन गंजके कंदील बघून लगेच ३००० रुपये रोख काढून दिले. ज्याला आम्ही शंभर रुपये सुद्धा मागितले नसते त्याला हा ३००० देतोय म्हटल्यावर सगळे खूश, तिथंच आमची सावधगिरी संपली.

पुढचे पाच दिवस आम्ही माडी आणि गोठा रिकामा करत होतो. तांब्याचा बंब, घंगाळी, हंडे, परात, धान्य मोजायची पायली-शेर-मापटं अशी सगळी मापं, जू, कुळव, मोटेचं चाक, आणि आढ्याला टांगलेली पाभर, म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं औजार. काकू आणि मी चिंच-मीठ लावून भांडी घासली, हात काळे झाले, नखांतला काळेपणा चार दिवस जात नव्हता. आम्हाला वाटलं चकचकीत दिसलं तर लिलावात भाव चांगला येईल. तो आला आणि डोक्याला हात लावून म्हणाला, अहो ताई जुनी झळाळी घालवली तुम्ही, आता हे अँटिक म्हणून जाणार नाही, भंगारातच टाकावं लागेल. आणि आम्हाला वाईट वाटलं, चूक आपलीच म्हणून आम्ही गप्प!

मग अंगणात त्यानेच तीन ढीग लावले, लिलावाचा, भंगाराचा आणि जळणाचा. माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच आहे, घेणाऱ्याला ढीग लावू देऊ नका. लिलावाच्या ढिगात त्याने बंद रेडिओ, घड्याळाची रिकामी पेटी, फुटक्या बरण्या ठेवल्या आणि त्यांचंच कौतुक करत राहिला. पितळ-तांबं सगळं भंगारात गेलं. मोडी लिपीतल्या कागदांची एक ट्रंक होती ती रद्दी म्हणून गेली, त्यात जमिनीचे जुने कागद होते की नुसत्या उधारीच्या वह्या हे आता कधीच कळणार नाही. आणि पाभर गेली जळणात.

त्या पाभरीचं चाडं, म्हणजे पेरताना ज्यात दाणे सोडतात तो वाडगा, एकाच लाकडातून कोरलेलं होतं, वरून फुललेलं, खाली बांबूच्या नळ्यांसाठी भोकं, आतून इतकं गुळगुळीत की बोट फिरवत राहावं. आजी चाळीसेक वर्षं त्या चाड्यावर मूठ धरायची, दाणे सोडून सोडून कड एका बाजूने झिजली होती. एकदा तडा गेला तेव्हा आजोबांनी पत्र्याची पट्टी तीन खिळ्यांनी ठोकली होती. आत्या म्हणाली सुद्धा, एवढं मला राहू दे, तर तो म्हणाला किडलंय, घरात ठेवलं तर बाकीच्या लाकडाला लागेल. आत्या गप्प बसली.

वजन त्याच्याच लटकत्या काट्यावर. पितळ-तांबं मिळून ९४ किलो भरलं, सरसकट ४०० रुपये किलोने हिशोब. तांब्याला पितळेपेक्षा जास्त भाव असतो हे सुद्धा तेव्हा कुणी बोललं नाही. एक घंगाळ काकूने वजन झाल्यावर मागे घेतलं, त्याने वहीत ४ किलो १०० लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सहज किराणा दुकानातल्या काट्यावर टाकलं तर ५ किलो ६००. म्हणजे त्या हिशोबाने ९४ चे खरे १२८ च्या आसपास होते. काटा दर वर्षी वैधमापन खात्याकडून तपासून शिक्का घ्यावा लागतो, तो शिक्का बघायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. घरातलं एक भांडं आधीच बाहेर मोजून ठेवलं असतं तर तिथंच पकडला असता.

पावतीवर आप्पांची सही घेतली. घाईत कुणी वाचली नाही. त्यावर लिहिलंय, जुने भंगार, रद्दी व जळाऊ लाकूड रोखीने विकले, संपूर्ण रक्कम मिळाली. लिलाव, कमिशन, वस्तूंची यादी, काहीच नाही. आठवडाभर फोन उचलला, मग बंद. पोलिसांत गेलो तर ते म्हणाले सही तुमची आहे, रक्कम मिळालीय, फसवणूक सिद्ध कशी करणार. अर्ज घेतलाय, पोच आहे.

नंतर एका वकिलांनी सांगितलं की १९७२ च्या कायद्याप्रमाणे १०० वर्षांच्या वरच्या पुरावस्तूंचा धंदा करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, तो आधी मागायचा होता. पुण्यात केळकर म्युझियममध्ये असलेच अडकित्ते, दिवे, भांडी काचेत ठेवलेली मी शाळेच्या सहलीत बघितली होती, आणि घरातलं तेच मी किलोवर दिलं याचा त्रास अजून होतो. तुमच्याकडे असेल तर माणूस दारात येण्याआधी प्रत्येक वस्तूचा मोबाईलवर फोटो काढा, दोन वेगळ्या लोकांकडून भाव घ्या, आणि मोडी कागद वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय हलवू नका.

महिन्याभरापूर्वी चुलतभावाला ऑनलाइन एक फोटो दिसला, हॉटेलसाठी दिव्याची शेड, हाताने कोरलेलं लाकूड, १८,००० रुपये. आतून बल्ब लावलाय. बाजूला पत्र्याची पट्टी आणि तीन खिळे स्पष्ट दिसतात. विकणारा दुसराच आहे, तो म्हणतो मी बाजारातून घेतलं. आत्याला फोटो दाखवायचा की नाही यावर आम्ही दोन दिवस बोललो, शेवटी दाखवला. तिने मोबाईल हातात घेऊन फोटो मोठा केला, झिजलेली कड शोधली आणि विचारलं, १८,००० तिघांत किती येतात, माझे धरून परत घेऊया का.