मक्याच्या पिशव्या : एक पावसाळा आणि एक हिवाळा काढल्यावर

नौपाड्यात मी घरून निवडलेली भाजी आणि मोड आलेली कडधान्यं देते. गेल्या जूनपासून मक्याच्या स्टार्चच्या पिशव्या वापरतेय. मक्याच्या म्हणायचं, पण नुसत्या स्टार्चची फिल्म पापडासारखी मोडेल. म्हणून ग्लिसरीन घालून स्टार्च मऊ करतात आणि पीबीएटी हे विघटन होणारं पॉलिस्टर मिसळतात.

पिशवी दुधट दिसते, बोटांना पावडर लावल्यासारखी लागते, चुरचुरत नाही. रोल उघडला की लाह्यांचा मंद वास.

जुलैत ओट्यावर उघडा राहिलेला रोल हवेतली ओल पिऊन लुळा पडला. अर्धा किलो मटकी भरून उचलली, तर पिशवीचे बंद बोटभर लांबले. जानेवारीत नेमकं उलट. त्याच रोलच्या उरलेल्या पिशव्या घडीवर चिरायला लागल्या. शिळा भात फ्रिजमध्ये कडक होतो ना, तसाच पिशवीतला स्टार्चही दिवसांनी कडक होतो. त्यात हवा कोरडी.

मेथीसाठी मात्र याला तोड नाही. साध्या पिशवीत आतून घाम धरतो, पानं काळी पडतात. यातून वाफ बाहेर जाते. अर्थात त्यामुळेच चौथ्या दिवशी जुडी मलूल होते.

नोव्हेंबरात एका दुकानदाराने ‘हीपण मक्याचीच’ म्हणून स्वस्त रोल गळ्यात मारला. दोन्ही पिशव्यांवर बीटाडिनचा थेंब टाकला. दोन्ही काळ्यानिळ्या! बीटाडिनमधलं आयोडीन स्टार्चला लागलं की असा रंग येतो, म्हणजे स्टार्च दोन्हींत. उरलेलं काय आहे ते थेंब सांगत नाही. नव्या पिशवीवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांकच नव्हता. प्लास्टिकची पिशवी निदान 120 मायक्रॉन जाड हवी, या अटीतून सूट आहे ती कंपोस्टेबल म्हणजे कुजून खत होणाऱ्या पिशव्यांना, नुसत्या स्टार्च मिसळलेल्या पॉलिथिनला नाही.

दोन्ही गॅलरीतल्या कुंडीत पुरल्या. तीन महिन्यांनी उकरलं तर जुनीचे तुकडे झाले होते. नाहीशी नव्हती झाली. कंपोस्टेबलची चाचणी साधारण 58 अंशांच्या ढिगातली असते, माझी कुंडी कुठली तेवढी तापायला! स्वस्तातली फक्त खरखरीत झाली होती. माती झटकली, ओढून पाहिली, फाटेना.

आता दोनच रोल आणते आणि स्टीलच्या डब्यात झाकण लावून ठेवते. गरम उसळ कुणी मागितली तर आपला डबा आणायला सांगते. एकदा पिशवीचा तळ सैल होऊन सगळा रस्सा लिफ्टमध्ये सांडलाय.