रेती कन्हानची, भाव गोव्याचा: नागपुरातल्या ‘बीच’ बारची डीजे नाइट

मुंबईला जाणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा पूर्ण झाला तरी समुद्र काही नागपूरकडे सरकला नाही, मग लोकं समुद्रच इकडे आणून राह्यले. रिंग रोडच्या पलीकडे एका लॉनवर रेती टाकली, वेताच्या खुर्च्या मांडल्या, कुंडीतली नारळाची झाडं उभी केली आणि झाला बीच बार. नाव नाही टाकत, रील पाह्यलं असेल तर कळेलच. शनिवारी तिथं तीन डीजेंचा सेट होता म्हणून दोस्तासोबत गेलो.

पोस्टरवर सुरुवात पाचला. आता सांगा, मे महिन्यात नागपुरात पाच वाजता उघड्यावर कोण येते बे? पारा चव्वेचाळीसच्या वर, अंगावर गरम झळा, आणि ती रेती म्हणजे समुद्राची बारीक वाळू नव्हे, बांधकामाची, कन्हान नदीची जाडी रेती, दिवसभर तापलेली, त्यात चप्पल काढून फोटो काढायला गेलेल्या पोरी उड्या मारतच परत आल्या. चारी कोपऱ्यांत मोठाले डेझर्ट कूलर लावले होते, खरं सांगतो ती आयडिया भारी, कारण आपली हवा कोरडी ठण्ण, इथं कूलर उघड्यावरही काम करते, गोव्याच्या दमट हवेत हेच लावले तर नुसता घाम येईल. फक्त कूलर स्पीकरच्या बाजूलाच ठेवलेत त्यामुळे हळू गाण्यांत फॅनची घरघरच जास्त ऐकू येत होती.

आता मेन गोष्ट, म्युझिक. पहिला डीजे इथलाच पोरगा आणि माझ्या मते रात्रभरातला बेस्ट. समोर पंधरा-वीस लोकं, तेही सावली शोधून बसलेले, तरी त्यानं घाई केली नाही, मिनिटाला ११० ठोक्यांच्या आसपासच्या टेम्पोवर आरामात खेळत राह्यला, एका गाण्यातून दुसऱ्यात जायला दोन-दोन मिनिटं घेत होता, माइकला हात नाही, हात वर करा नाही काही नाही. सूर्य बुडताना असं हळू वाजवायची पद्धत स्पेनच्या इबिझा बेटावरच्या कॅफे देल मार या बारनं जगभर नेली, ती जागा १९८० ची, तिथं समोर समुद्र असते. इथं पावणेसातला सूर्य एका गोडाऊनच्या पत्र्यामागं गेला, पण बाप्पा, त्या पाच-दहा मिनिटांत त्यानं ड्रम पूर्ण काढून नुसते सूर सोडले आणि तेवढ्यापुरतं मला समुद्र आठवलापण नाही. त्यासाठी रेतीची गरजच नव्हती ना!

दुसरा बाहेरून बोलावलेला. दर दोन मिनिटांनी ‘नागपूऽऽर’ करून ओरडायचा, गाणं जरा रंगात आलं की कापलं, लगेच दुसरा ड्रॉप, म्हणजे बीट थांबवून एकदम जोरात सोडायची ती जागा. तिसरी मुलगी टेक्नोवाली, जबरदस्त होती, टेम्पो १३५ च्या पुढं नेला तिनं, पण गर्दी खरी जमली साडेआठनंतर आणि उघड्यावरचा स्पीकर दहाला बंद करावाच लागते, २००० सालापासूनचा नियम आहे तो. म्हणजे चांगला सेट रंगायला लागला आणि लाइट लागले. तीच मैफल सव्वासहाला सुरू केली असती, मधला भाऊ वगळला असता, तर दोघांनाही पुरेसा वेळ भेटला असता. पण पोस्टरवर तीन नावं पाहिजे ना यांना.

खाणंपिणं थोडक्यात: एंट्री हजारची, त्यातले पाचशे कुपनात परत, आणि पाचशेत येते काय तर एक बियर, तीपण कोमट. मेनूवर ‘फ्रेश नागपुरी ऑरेंज’ कॉकटेल होतं, मे महिन्यात! आपल्या संत्र्याचे हंगाम दोन, मृग बहार मार्चपर्यंत संपते आणि आंबिया बहार दिवाळीच्या आसपास येते, मग हा फ्रेश संत्रा कुठून तोडला भाऊ? विचारलं तर पोरगा हसला, बिचाऱ्याची काय चूक. प्रॉन्स रबरासारखे. खाऊनच जा, किंवा परतताना सावजीत बसा, आम्ही तेच केलं.

लोकं मात्र चांगले होते, फॅमिलीवाले पण दिसले, मुलींना त्रास देणारं कोणी नव्हतं, बाउन्सर शांत. पाण्याच्या बाटल्या फुकट ठेवल्या होत्या, हे मे महिन्यात फार मोठं काम, याचा एक स्टार वेगळा. एकूण पाचपैकी तीन, त्यातले दीड त्या पहिल्या पोराचे.

पुढच्या महिन्यात परत आहे म्हणे. जाणार असाल तर सहाच्या आधी जाऊ नका, बूट घाला, स्पीकरच्या डावीकडं कूलर नाही तिकडं उभे राहा. आणि गाडी बाहेर रोडवरच लावा, आतली पार्किंग म्हणजे काळ्या मातीचं वावर आहे, जूनमध्ये एक पाऊस पडला की ट्रॅक्टर बोलवा लागन.