युनिकोड : मराठी लिहिणाऱ्या ग्राहकाचे परीक्षण

मोबाइलवर मराठीचे एक अक्षर जरी उमटवले, तरी आपण युनिकोड या, प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या, संकेतप्रणालीचे ग्राहक असतो. तेव्हा एखाद्या वस्तूचे करतात तसे तिचे परीक्षण करायला हरकत नसावी. गेली अनेक वर्षे शब्दसूच्या आणि टिपणे याच प्रणालीत साठवत आल्यामुळे तिचे गुण आणि खोडी दोन्ही माझ्या चांगल्या परिचयाच्या आहेत.

१९९१ मध्ये पहिली आवृत्ती निघाली, तेव्हा देवनागरीची मांडणी भारतातच तयार झालेल्या ‘इस्की’ प्रणालीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेण्यात आली. काम तातडीचे होते आणि आराखडा हाताशी होता, त्यामुळे हा निर्णय व्यवहार्यच म्हणावा लागेल. पण त्या मांडणीत ‘ऍ’ला जागा होती आणि मराठीला हवा असलेला ‘ॲ’ नव्हता. तो २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत आला. मधल्या सतरा वर्षांत कोणी ‘ऍ’वर भागवले, तर कोणी ‘अ’वर अर्धचंद्र चढवला. असा जोडून केलेला ‘ॲ’ डोळ्यांना अस्सल ‘ॲ’सारखाच दिसतो; प्रमाणकात मात्र तो वर्ज्य आहे आणि दोन्ही रूपे समानही मानलेली नाहीत. माझ्याच जुन्या सूचीत ‘ॲसिड’ शोधला, तर निम्म्या नोंदी सापडत नाहीत.

याउलट रुपयाचे चिन्ह पाहा. भारत सरकारने ते १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच ऑक्टोबरमधील ६.० या आवृत्तीत ते दाखल झाले. चिन्हामागे सरकार उभे असले की गरज ‘तातडीची’ ठरते, एवढाच अर्थ मला यातून लागतो. ‘ॲ’ काही रुपयाच्या चिन्हापेक्षा अवघड नव्हता.

तरीही घाई नेहमीच बरी, असे मी म्हणणार नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील फरक मराठी वाचकाला सांगायला नको. या दुसऱ्या शब्दातला अर्धा र लिहिण्यासाठी २.० या आवृत्तीने र, हलन्त आणि एक अदृश्य जोडक अशी युक्ती सुचवली होती. पुढे नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त ही रीत मुख्य ठरली, पण जुने लेखन मोडू नये म्हणून पहिली युक्तीही कायम राहिली. एकदा दिलेले अक्षर काढायचे नाही की हलवायचे नाही, हा युनिकोडचा नियमच आहे. त्यामुळेच वीस वर्षांपूर्वीची फाइल आजही उघडते आणि वाचता येते, आणि त्यामुळेच तात्पुरती डागडुजीही कायमची घरात राहते. माझ्या मते हा या प्रणालीचा सर्वांत मोठा गुण आहे, जरी त्याची किंमत आपणच मोजतो.

सावकाश चालणाऱ्या अभ्यासाचे उत्तम फळ म्हणजे मोडी. रोजच्या व्यवहारातून गेलेल्या या लिपीसाठी कोणी रांगेत उभे नव्हते. अंशुमन पांडे यांनी कागदपत्रांतील वळणे तपासून प्रस्ताव सिद्ध केला आणि २०१४ मध्ये ७.० या आवृत्तीत मोडीला स्वतःची जागा मिळाली. जोडाक्षरांची गोष्टही अशीच आहे. ‘क्ष’ हा वाचकाच्या लेखी एकच घटक आहे, हे अक्षरे तोडण्याच्या सर्वसाधारण नियमांत यायला २०२३ ची १५.१ ही आवृत्ती उजाडावी लागली. तोवर त्या नियमांप्रमाणे ‘क्’ आणि ‘ष’ सुटे मोजले जात. एवढा काळ अभ्यासात गेला की नुसत्या दिरंगाईत, हे बाहेरून सांगणे कठीण आहे.

पाचपैकी चार गुण देतो. कापलेला एक गुण ‘ॲ’चा. आपल्या कळफलकावर ‘ॲ’ची स्वतंत्र कळ आहे का, हे एकदा पाहून घ्यावे, आणि जुन्या फाइलींत ‘ऍ’ आणि अर्धचंद्र चढवलेला ‘अ’ हे दोन्ही शोधून बदलावेत. माझी सूची अजून ‘क’पर्यंतच आली आहे.