कॅमेरा तर बसलाच: बहिष्कार घालायचा की करार करायचा?

गेटवर चेहरा पाहून हजेरी घेणारं मशीन आता कोणाला नवं राहिलं नाही. आमच्या वणीकडच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यात ओबीच्या, म्हणजे कोळशावरची माती-दगड उपसण्याच्या ठेक्यावर चालणाऱ्या डंपरांत डुलकी ओळखणारा एआय कॅमेराही बसू लागला आहे. सिमेंटमधले, जिनिंगमधले कार्यकर्ते फोन करून विचारतात, भाऊ, तुम्ही काय केलं? युनियनपुढे खरे रस्ते दोनच. मशीनला सहकार्यच करायचं नाही, म्हणजे बहिष्कार. किंवा मशीन राहू द्यायचं, पण कोणत्या अटींवर ते लिहून घ्यायचं, म्हणजे करार. कोर्टाचा तिसरा रस्ता आहे, पण कोर्टाची तारीख लागण्याआधी ठेक्याचं टेंडर संपतं, म्हणून तो इथे सोडून देतो. आम्ही दोन्ही करून पाहिलं आहे, त्यामुळे मी अगदी तटस्थ आहे असं समजू नका.

बहिष्काराला मी नावं ठेवणार नाही. तो लवकर पेटतो, नव्या पोरालाही समजतो, आणि गेट मीटिंगला जी गर्दी होते तिच्यातले दहा जणही कराराच्या मसुद्यावर बोलायला बसत नाहीत. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन निकृष्ट, माहिती भरायचं पोषण ट्रॅकर अ‍ॅप इंग्रजीत, आणि माहिती भरली गेली नाही तर बोलणी खायची सेविकेने. निवेदनांनी जे कोणाला ऐकू गेलं नव्हतं, ते परत आलेल्या फोनांनी ऐकवलं. पण अ‍ॅप गेलं नाही. उलट १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थीच्या चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली.

शिवाय कायद्याची चौकट बदलली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी श्रमसंहिता लागू झाल्या. संपाआधी किमान १४ दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. ‘उद्या सगळे सुट्टीवर’ हा आपला जुना डाव त्यात गेला. मशीनला चेहरा न दाखवणं संपात मोडतं की नाही, यावर वकील तासभर बोलतील. तोवर हजेरी मात्र तुमचीच बुडते.

मला करारामागे लावलं ते कायद्याने नाही, एका कटकटीने. डंपरातला हा कॅमेरा पापण्या बघतो. मे महिन्यात दुपारच्या पाळीला डंपर पश्चिमेकडे तोंड करून हॉल रोड, म्हणजे खाणीतला चढाचा रस्ता, चढतो तेव्हा ऑपरेटर डोळे बारीक करणारच. त्यात तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, म्हणजे कॅमेऱ्याला दिसतात त्या दोन चिरा. बीप वाजते. ऑफिसात नोंद पडते: झोप. अशा नोंदी साचल्या की मेमो, आणि मेमोसोबत भत्त्यात कपात. “म्या झोपलो नव्हतो भाऊ, ऊन होतं डोयावर,” असं तो टाइमकीपरला सांगतो. टाइमकीपर म्हणतो, सिस्टिमने पकडलं. साइट इन्चार्ज म्हणतो, रिपोर्ट नागपूरहून येतो. नागपूरला फोन लावला तर कळतं, सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं आहे. पैसे कापले गेलेत आणि कापणारा कोणीच नाही. पूर्वीचा मुकादम खडूस असायचा, पण त्याच्या घरी जाऊन भांडता तरी यायचं.

आम्ही बहिष्कार टाकला. काही पाळ्यांतच मॅनेजर खाली आले, चहा मागवला, म्हणाले, कपात बंद, मेमो बंद. गुलाल उधळायचा तेवढा राहिला होता. पुढे त्यांची बदली झाली. नवे साहेब बोलायला सभ्य, पण त्यांचं एकच म्हणणं: तसं काही ठरलं होतं याचा कागद दाखवा. कागद नव्हताच. चहा पाजणाऱ्या साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, आता माझा त्या साइटशी संबंध नाही. तेही खरंच होतं म्हणा. कपात पुन्हा सुरू झाली आणि लोकांना दुसऱ्यांदा उठवताना पहिल्या वेळची धग राहिली नव्हती.

दुसरं म्हणजे, कॅमेराच नको असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. रात्रपाळीत डुलकी लागून डंपर बेंचवरून, म्हणजे खाणीच्या पायरीवरून, खाली गेला तर काय होतं, हे खदानीजवळच्या गावांना सांगावं लागत नाही. एका ऑपरेटरच्या बायकोने गेट मीटिंगनंतर मला गाठून विचारलं, “बीप वाजते त वाजू द्या ना, बंद काऊन करता? पैसे काऊन कापतेत ते पुसा.”

वाद तसा जुनाच आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात कॉम्प्युटर येऊ नये म्हणून कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी जबर लढा दिला. स्वयंचलनावर सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष आपले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर होते. बँकवाल्यांनी १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशनशी करार केला आणि मशीनच्या अटी टेबलावर ठरवल्या. कॉम्प्युटर दोन्हीकडे आलाच. हॉलिवूडचे पटकथालेखक २०२३ मध्ये १४८ दिवस संपावर बसले, पण त्यांनी मिळवली ती एआयवरची बंदी नव्हे. एआयने तयार केलेला मजकूर लेखकाला देताना कंपनीने तसं सांगायचं, आणि एआय वापरण्याची त्याच्यावर सक्ती करायची नाही, अशी कलमं मिळवली.

आमच्या करारातली बाकीची कलमं कामचलाऊ आहेत. एक मात्र मी कोणालाही नक्कल करायला देतो. कॅमेऱ्याच्या नोंदीवरून एक रुपयाही कापायचा असेल, तर साइटवरच्या ठरलेल्या अधिकाऱ्याने ऑपरेटरसमोर क्लिप बघायची, कारण हाताने लिहायचं आणि खाली नावानिशी सही करायची. सही करायची म्हटल्यावर साहेबांनाही ऊन दिसू लागलं. मी आकडे ठेवले नाहीत, पण मेमो घेऊन युनियन ऑफिसात येणारी माणसं कमी झाली एवढं नक्की. क्लिप किती दिवस ठेवायची हेही लिहून घ्या. त्यासाठी २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यावर भिस्त ठेवू नका. नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवायही माहिती वापरायची मुभा त्याच्या ७ व्या कलमात आहे.

करार संथ असतो, हे मान्य. एकाहून जास्त युनियन असतील तिथे नव्या संहितेत ५१ टक्के कामगार सोबत असतील तरच एकट्या युनियनला वाटाघाटीचा हक्क मिळतो, एरवी वाटाघाटी परिषदेत बाकीच्या युनियनांसोबत बसा. कामाच्या ठरावीक अटी बदलण्याआधी मालकाने नोटीस द्यायची असते. त्यावर कंपनीचं पहिलं उत्तरही ठरलेलं: आम्ही कोणाला काढत नाही, मग बदलाची नोटीस कशाला? तिथे छाटणीवर वाद घालत बसू नका. नोटीस लागणाऱ्या बदलांच्या यादीत ‘शिस्तीचे नवे नियम’ हेही आहे, आणि झोपेच्या नोंदीवर मेमो हा शिस्तीचा नवा नियम नाही तर काय? आमची गाडी तिथूनच पुढे सरकली.

बहिष्कार कुठे बरा? चेहऱ्यावरून राग-कंटाळा ओळखणारं मशीन कोणी आणलं तर मी अटींवर बोलायलाच बसणार नाही. युरोपने कामाच्या जागी असली यंत्रं फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली आहेत. आणि अंगणवाडी सेविका ‘मानसेवी’ ठरवल्या गेल्या आहेत. त्यांच्याशी करार करायला समोर मालक म्हणून कोणी बसतच नाही, तेव्हा फोन परत करणं हेच त्यांच्या हातातलं हत्यार.

बाकी ठिकाणी माझं मत कराराकडे झुकतं. फक्त तो एकट्या ठेकेदाराशी करू नका, टेंडर बदललं की तो कागद रद्दीत जातो. मूळ मालकाची सही घ्या, आणि तीही केंद्रीय कामगार आयुक्तांच्या अधिकाऱ्यासमोर, म्हणजे समेटातला करार, ज्याला आपण जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलमावरून अजून बारा-तीनच म्हणतो तसा. कोळसा केंद्राकडे येतो. जिनिंगवाल्यांनी राज्याच्या कामगार आयुक्तांकडे जावं.