फोटो दुरुस्ती झकास, पण कोळसा पुसू नका म्हणून आधीच सांगा

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छोट्या स्टुडिओत बाबांचा ग्रुप फोटो दुरुस्तीला दिला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या खाणीवरचा, पाळी सुटल्यावर काढलेला. १९७३ मध्ये आमच्याकडच्या खाणी सरकारी झाल्या, त्याच्याही आधीचा. बुरशी, घडीची रेघ, सगळं बेमालूम गेलं. पण पोराने कॉम्प्युटरवर चेहरेही धुऊन काढले! डोक्यावर दिवे बांधलेली माणसं, आणि लग्नातल्या वऱ्हाडी मंडळींसारखी गोरीपान. म्हटलं, "अरे दादा, तो कोळसा आहे, परत लाव." हसत लावला, जादा पैसे न घेता. फोटोमागची नावंही स्कॅन करून दिली. कॉलनीतल्या जुन्या शेजाऱ्यांच्या नातवंडांना तीच हवी असतात. पार्किंगचं मात्र विसरा, रिक्षाने जा.