रेझ्युमे ‘सुधारून देणाऱ्यां’पासून सावध राहा

माझी मामेबहीण लातूरला इंजिनिअरिंग करून पुण्यात आली. वाकडला पीजीमध्ये राहून सॉफ्टवेअरमधली पहिली नोकरी शोधत होती. तेव्हा तिला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला : ‘तुमचा एटीएस स्कोअर 38 आहे, रेझ्युमे कोणी उघडतही नाही. 2,499 रुपयांत शॉर्टलिस्टची गॅरंटी.’

पहिली थाप इथेच. एटीएस म्हणजे आलेले अर्ज साठवून त्यांत शोध घेऊ देणारं सॉफ्टवेअर. वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळं वापरतात. सगळीकडे चालेल असा एकच स्कोअर कुठेही नाही.

तिने पैसे भरले. ‘अर्जही आम्हीच टाकतो’ म्हणत त्यांनी जॉब पोर्टलचा पासवर्ड घेतला. रेझ्युमे आला तो चकचकीत : दोन कॉलम, फोटो, जावाला चार तारे, पायथनला पाच. मी पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला, तर डाव्या-उजव्या कॉलमच्या ओळी एकमेकींत घुसलेल्या. मशीनला वाचता यावं म्हणून पैसे घेतलेले!

मला खरा संताप आला तो पुढे. गावच्या दूध संकलन केंद्रासाठी तिने जँगो (वेब अ‍ॅप बनवायचं साधन) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) वापरून अ‍ॅप केलंय. दुधाचं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) टाकलं की दर निघतो, शेतकऱ्याचं दहा दिवसांचं बिल तयार होतं. केंद्रावर ते रोज वापरतात. फ्रेशरकडे याहून चांगलं दाखवायला काय असणार? तीच ओळ उडवली होती. तिच्या जागी कधी न ऐकलेल्या कंपनीतला दोन वर्षांचा अनुभव, काफ्का, कुबरनेटिस अशी मोठ्या सिस्टिमसाठीची टूल्स. पोर्टलवरही हेच चढवलेलं. एका कंपनीच्या एचआरने यूएएन, म्हणजे नोकरदाराचा पीएफ नंबर, मागितला, तेव्हा पोरीला हे कळलं.

जाब विचारल्यावर उत्तर मिळालं : ‘15,000 भरा, अनुभवपत्र, सॅलरी स्लिप, रिलीव्हिंग लेटर सगळं देतो.’ तिने नकार दिला. लगेच त्यांनी तिचा नंबर ब्लॉक केला.

मुलांनो, ती कागदं घेऊ नका. 20 किंवा अधिक माणसं असलेल्या कंपनीला साधारणपणे पीएफ लागू असतो आणि आधी कुठे, कधीपर्यंत काम केलं ते यूएएनवर दिसतं. पार्श्वभूमी तपासताना खोटं सापडलं, तर रुजू झाल्यावरही नोकरी जाऊ शकते. अर्जावर सही तुमची असते, कागद विकणाऱ्याचं नाव कुठेच नसतं.

आता तिचा रेझ्युमे एका पानाचा, एका कॉलमचा आहे. वर दुधाचं अ‍ॅप : कोणासाठी केलं, काय अडलं, कसं सोडवलं, कोडची लिंक. खाली तेवढीच कौशल्यं, ज्यांवर मुलाखतीत प्रश्न आले तर ती उत्तर देऊ शकते.

पासवर्ड आधी बदलला, त्या एचआरला खरं काय ते ईमेलने कळवलं, चॅट आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट जपून ठेवले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रारही केली. पैसे अजून आलेले नाहीत. कोणाचे नुकतेच गेले असतील, तर आजच फोन करा. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.