प्रश्न विचारणाराही त्यांचाच

तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षाचे व्हॉट्सअ‍ॅप गट जागे होतात. काही गटांत आठवड्यातून एकदा रात्री तज्ज्ञांशी प्रश्नोत्तरं असतात, तीही फुकट. त्यातल्या काहींत याच आडून बोगस टॉनिक खपवलं जातं. पण फसवणूक उत्तरांत शोधू नका, ती प्रश्नांत असते.

पहिले दोन प्रश्न खऱ्या बागायतदारांचे घेतात. डाउनी, भुरी हे बुरशीचे रोग; डाउनीला काय मारू, भुरी कशी थांबवू. उत्तरं चोख मिळतात. विश्वास बसला की तिसरा प्रश्नकर्ता फोटो टाकतो, "सर, मणी फुगेना." तज्ज्ञ सर आधी पाण्याचं, पोटॅशचं बोलतात आणि शेवटी एका बाटलीचं नाव घेतात. चौथा लगेच, "मी मागच्या साली वापरलं, मण्याची १८ मिमी साइज निघाली." पाचवा दर विचारतो. मग रात्री बारापर्यंत सवलत, क्यूआर कोड, आणि गट फक्त अ‍ॅडमिनसाठी खुला. तिसरा, चौथा, पाचवा हे विकणाऱ्यांनीच पेरलेले असतात.

चौथ्याला सरळ फोन लावा. द्राक्षाची जात कोणती, छाटणी कोणत्या तारखेला घेतली, एवढंच विचारा. खऱ्या बागायतदाराला छाटणीची तारीख पोराच्या वाढदिवसासारखी पाठ असते.

बाटलीवर ‘सेंद्रिय टॉनिक’ लिहिलेलं असतं, घटक नि टक्केवारी नसते. आत जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड) किंवा सीपीपीयू, म्हणजे मणी फुगवणारी संजीवकं, मिसळलेली असली तर मणी खरोखर फुगतो, आणि तिथंच माणूस फसतो. कारण जीएचं डिपिंग, म्हणजे घड त्या द्रावणात बुडवणं, आपण वेगळं केलेलंच असतं. त्यावर हा न सांगितलेला डोस चढतो. सीपीपीयू जास्त झालं की गोडी भरायला उशीर होतो, जीए जास्त झालं की मणीगळ होते. कीडनाशक मिसळलेलं असेल तर ते निर्यातीच्या रेसिड्यू (औषधाचा उरलेला अंश) तपासणीत उघडं पडतं आणि युरोपचा दर हातचा जातो.

जीएसारखी संजीवकंही १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदवावी लागतात. जैव-उत्तेजकं, म्हणजे पिकाची वाढ सुधारणारी टॉनिकं, २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. तेव्हा गट खुला असतानाच गटात विचारा: घटक कोणता, टक्के किती, नोंदणी क्रमांक काय, पक्कं बिल मिळेल का? प्रश्न गायब झाला तर ‘अ‍ॅडमिनने डिलीट केला’ ही ओळ मागे राहते. तिचा स्क्रीनशॉट घ्या.

पैसे जाऊन माल आलाच नाही तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, यूटीआर (पैसे पाठवल्याचा व्यवहार) क्रमांक हाताशी ठेवा. माल आला पण बोगस वाटला तर एक बाटली सीलबंद ठेवून पंचायत समितीतल्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. फोडलेल्या बाटलीचा पुरावा लंगडा पडतो. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

आणि गटात जाब विचारण्याआधी चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. आधी भांडलात तर जाहिरातीचे मेसेज डिलीट होतात आणि आपल्याकडे नुसती यूपीआयची पावती उरते.